साडेसोळा टक्के, तुला खुले पत्र

मच्छीमार नगर, कफ परेड, मुंबई

साडेसोळा टक्के,

पत्राच्या सुरुवातीला सप्रेम नमस्कार लिहायची रीत आहे. तुझ्यावर माझं प्रेम नाही आणि नमस्कार करावा असं तू आजवर काही केलेलं नाहीस, म्हणून थेट आरोपावर येतो. फॉस्फेटच्या खाणीतून निघालेला माल फ्लोटेशनच्या टाक्यांत जातो आणि त्यातलं चांगलं फॉस्फेट गाळाबरोबर टेलिंगच्या, म्हणजे टाकाऊ गाळाच्या, तळ्यात वाहून जातं, त्यामागे बऱ्याच वेळा तुझा हात असतो. तू खोटा नाहीस. तुझी बेरीज बरोबर असते, भागाकारही बरोबर असतो. तुझा गुन्हा असा की खाणीतल्या नाना तऱ्हेच्या दगडांना तू एकच चेहरा देतोस आणि माणसं त्या एका चेहऱ्याकडे पाहून करोडो रुपयांचा कारखाना बांधतात.

पत्र खुलं आहे, म्हणून वाचकांना तुझी ओळख करून देतो. डीएपी खताच्या गोणीवर 18:46 छापलेलं असतं. त्यातला 46 हा फॉस्फरस पेंटॉक्साइडचा टक्का. सिंगल सुपर फॉस्फेटच्या गोणीवर तोच 16 असतो. खाणीतला दगडही याच मापाने मोजतात. गोणीतला फॉस्फरस बहुतांश पाण्यात विरघळतो, दगडातला विरघळत नाही. त्यामुळे आकडे सारखे दिसले तरी दगड दळून थेट शेतात टाकून भागत नाही. कोकणातल्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीत तो काही प्रमाणात लागू पडतो, देशावरच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत जवळजवळ नाहीच. फॉस्फेटचं मुख्य खनिज अ‍ॅपेटाइट. ते अगदी शुद्ध मिळालं तरी हा टक्का 42 च्या थोडा वर जाऊन थांबतो. फॉस्फोरिक आम्ल करणाऱ्या कारखान्याला साधारण 30 च्या वरचा माल हवा असतो. खाणीतून पुष्कळदा 15, 18, 20 असा निघतो, आणि मधलं अंतर फ्लोटेशनने भरून काढावं लागतं. अशा खाणीतल्या शेकडो नमुन्यांची बेरीज करून भागाकार केला की तू जन्माला येतोस: 16.5.

मी या वस्तीतला, कोळ्याच्या घरातला. घरचे दर्यावर गेले, मी धातुशास्त्र शिकून खनिज साफ करण्याच्या कामाला लागलो आणि निवृत्तीनंतर परत इथेच आलो. सरासरीवर विसंबायचं नसतं हे मला कॉलेजात शिकवावं लागलं नाही. समुद्राची सरासरी पातळी नकाशात असते, तिच्यावरून डोंगरांची उंची मोजतात. होडी मात्र तिच्या भरवशावर कुणी काढत नाही. उधाणाला मुंबईच्या किनाऱ्यावर भरती-ओहोटीत चार मीटरहून जास्त फरक पडू शकतो, भांगाला तो निम्म्याहून खाली येतो. डोल जाळी कधी लावायची, कधी काढायची हे त्या दिवसाच्या पाण्यावर ठरतं. फ्लोटेशनही त्या पाळीला आलेल्या दगडावरच चालतं, आणि तू त्या पाळीत कधीच हजर नसतोस.

फ्लोटेशन म्हणजे काय, ते थोडक्यात सांगतो. दगड पिठासारखा बारीक दळायचा, पाण्यात कालवायचा आणि त्यात असं रसायन घालायचं जे हव्या त्या खनिजाच्या कणांना चिकटून त्यांना पाण्यापासून दूर ढकलेल. मग खालून हवा सोडायची. असे कण बुडबुड्याला धरून वर येतात, फेसात जमतात आणि फेस काढून घेतला की खनिज मिळतं. फॉस्फेटसाठी हे रसायन बहुधा फॅटी अ‍ॅसिड, म्हणजे ओलेइक आम्लासारखं काही. फॅटी अ‍ॅसिड कॅल्शियमला धरतं. अ‍ॅपेटाइटमध्ये कॅल्शियम आहे, आणि इथेच अडचण सुरू होते, कारण त्याच दगडात मिसळलेल्या डोलोमाइट या खनिजातही कॅल्शियम आहे. वाळू, गारगोटी म्हणजे सिलिका वेगळी काढणं त्या मानाने सोपं. सोडियम सिलिकेटसारखं रसायन घालून तिला खाली दाबून ठेवता येतं. डोलोमाइट मात्र अ‍ॅपेटाइटच्या बरोबरीने वर येऊ पाहतो. मग कारखान्याला उलटा मार्ग धरावा लागतो: पाण्यात फॉस्फोरिक किंवा गंधकाम्ल घालून पीएच 5 च्या आसपास आणायचा, म्हणजे अ‍ॅपेटाइट खाली दबून राहतं, आणि डोलोमाइटच फेसातून काढून टाकायचा.

म्हणजे दगडात सिलिका जास्त असेल तर एक रीत, डोलोमाइट जास्त असेल तर दुसरी. साडेसोळा टक्के, तू यातलं काय सांगतोस? काहीच सांगत नाहीस.

तुझ्याच आकड्याचा हिशेब मांडून दाखवतो. समज, खाणीत दोन बेंच, म्हणजे खोदकामाच्या पायऱ्या, आहेत. पहिल्या बेंचच्या दगडात फॉस्फरस पेंटॉक्साइड 20 टक्के आणि मॅग्नेशिया, म्हणजे मॅग्नेशियम ऑक्साइड, 3 टक्के. दुसऱ्यात फॉस्फरस पेंटॉक्साइड 13 टक्के आणि मॅग्नेशिया 12 टक्के. शुद्ध डोलोमाइटमध्ये मॅग्नेशिया जवळपास 22 टक्के असतो, त्यामुळे दर 1 टक्का मॅग्नेशियामागे साडेचार टक्क्यांहून थोडा जास्त डोलोमाइट धरायचा. पहिल्या दगडात मग अ‍ॅपेटाइट 47 टक्के, डोलोमाइट 14 टक्के आणि उरलेले 39 टक्के सिलिका नि माती. दुसऱ्यात अ‍ॅपेटाइट 31, डोलोमाइट 55 आणि बाकी 14. पहिल्याला सिलिका काढायची आहे, दुसऱ्याला डोलोमाइट. दोघांना समान वजनाने मिसळून भागाकार केला की तू येतोस: फॉस्फरस पेंटॉक्साइड 16.5, मॅग्नेशिया 7.5, म्हणजे अ‍ॅपेटाइट 39, डोलोमाइट 34, बाकी 27. हा तिसरा दगड खाणीत कुठेही नाही. कारखाना मात्र त्याच्यासाठी उभारला जातो, रसायनांचा डोस त्याच्यासाठी ठरतो, गिरणीचा वेग त्याच्यासाठी ठरतो.

महाराष्ट्रात फॉस्फेटची मोठी खाण नाही. 1919 मध्ये सुरू झालेली, एके काळची अंबरनाथची धरमसी मोरारजी असो की ट्रॉम्बेची सुफला खत करणारी आरसीएफ, आपल्या खत कारखान्यांना रॉक फॉस्फेट बाहेरूनच आणावा लागत आला आहे: राजस्थानातून, किंवा मोरोक्को, जॉर्डन, इजिप्त, टोगो अशा देशांतून जहाजाने. म्हणून तुझा खरा पत्ता उदयपूरजवळच्या झामरकोटड्यासारख्या ठिकाणी शोधावा लागतो. 1968 मध्ये तिथे फॉस्फेटचा साठा सापडला. राजस्थान सरकारची खनिज कंपनी तो काढते. तिथल्या हलक्या मालाचा टक्का सोळा-सतराच्या आसपास धरला जातो आणि फ्लोटेशनने तो 30 च्या पुढे न्यावा लागतो.

झामरकोटड्याचा दगड पाहिला तर तुझ्यावर कुणाचा विश्वास बसणार नाही. अब्जाहून जास्त वर्षांपूर्वी, मासा नावाचा प्राणी पृथ्वीवर यायच्या फार आधी, तिथे उथळ समुद्र होता. त्यात निळ्या-हिरव्या सूक्ष्मजीवांचे थर एकावर एक चढून खांब तयार झाले. त्यांना स्ट्रोमॅटोलाइट म्हणतात, आणि तिथला एक भाग राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक म्हणून राखलेला आहे. फॉस्फेट मुख्यतः या खांबांत आहे, खांबांच्या मधल्या जागेत डोलोमाइट. एका हातात मावेल एवढ्या तुकड्यातसुद्धा दोन्ही पट्टे दिसतात. साठा कित्येक किलोमीटर पसरलेला. कुठे खांब दाट, कुठे विरळ, कुठे मध्ये गारगोटीचे थर. शिवाय जमिनीलगतच्या थरांत पावसाच्या पाण्याने डोलोमाइट विरघळून गेलेला असतो, तिथला माल श्रीमंत आणि मऊ. खाली जावं तसा दगड टणक आणि मॅग्नेशियाने भरलेला. खाण खोल जाते तसा दगड बदलत जातो. खाणीच्या पहिल्या वर्षांत काढलेल्या नमुन्यांवरून जन्मलेला तू विसाव्या वर्षी कसा काय खरा ठरणार?

गिरणीपासूनच घोळ सुरू होतो. टणक गारगोटीचा दगड आला की तो भरड राहतो. अ‍ॅपेटाइट आणि सिलिका एकाच कणात चिकटून बसलेली असतात, ती कोणत्याही रसायनाने सुटत नाहीत. मऊ, झिजलेला दगड आला की तो गरजेपेक्षा जास्त दळला जातो आणि त्याची चिकणमाती होते. ती बारीक माती फॅटी अ‍ॅसिड शोषून घेते, कारण तेवढ्याच वजनात तिच्या कणांचा पृष्ठभाग कितीतरी पट जास्त असतो. ती धुऊन काढावी तर तिच्याबरोबर बारीक फॉस्फेटही जातं. सरासरी कडकपणावर लावलेली गिरणी दोन्हींपैकी एकाचंही भलं करत नाही.

पुढे आम्लाचा भाग. डोलोमाइट आम्लात विरघळतो आणि कार्बन डायऑक्साइड सोडतो. म्हणजे ज्या पाळीला डोलोमाइट जास्त, त्या पाळीला पीएच 5 वर टिकवायलाच जास्त आम्ल लागतं. डोस सरासरीवर बांधला असेल तर पीएच वर सरकतो, अ‍ॅपेटाइट दबून राहत नाही आणि डोलोमाइटबरोबर फेसात निघून जातं. ज्या पाळीला डोलोमाइट कमी, त्या पाळीला तेच आम्ल जास्त होतं आणि पैसे वाया जातात. विरघळलेलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम पाण्यात साठत जातं. हेच पाणी कारखाना पुन्हा वापरतो, आणि त्यातलं कॅल्शियम फॅटी अ‍ॅसिडशी मिळून न विरघळणारा साबण तयार करतं. रसायन खनिजाला लागायच्या आधीच संपतं. काल आलेल्या वाईट दगडाचा त्रास आजच्या चांगल्या दगडाला होतो, तो असा.

हिवाळ्याचं एका ओळीत सांगतो: ओलेइक आम्ल 13-14 अंशांखाली गोठतं, आणि उदयपूरच्या थंडीच्या रात्री त्याहून खाली जातात.

आता माझा मुख्य राग. मी ज्या कारखान्यात होतो त्याचं नाव लिहीत नाही. तिथे जे चाललं ते अनेक ठिकाणी चालतं. रिकव्हरी, म्हणजे दगडातल्या फॉस्फेटपैकी हाती आलेला वाटा, पडली की पहिला मेमो रात्रपाळीच्या ऑपरेटरला. हा माणूस फेसाचा रंग, बुडबुड्याचा आकार, फेस काठावरून किती जड पडतो एवढं पाहून दगड बदलल्याचं ओळखतो. प्रयोगशाळेचा निकाल हातात येईपर्यंत काही तास जातात आणि तोवर फीड, म्हणजे टाक्यांत येणारा दगड, पुन्हा बदललेला असतो. त्याने स्वतःच्या अनुभवाने डोस बदलला तर आदेश मोडला म्हणून बोलणी. नाही बदलला तर रिकव्हरी गेली म्हणून बोलणी. साडेसोळा टक्के, तू तेव्हा मॅनेजरच्या टेबलावरच्या कागदात बसलेला असायचास, आणि तुझ्या नावाने विचारलं जायचं की महिन्याचा फीड ठरल्याप्रमाणे 16.5 च होता, मग माल गेला कुठे? फीड महिनाभर 16.5 नव्हता. महिन्याचा भागाकार 16.5 होता. या दोन वाक्यांतला फरक न समजल्यामुळे चांगल्या कामगारांची बढती अडली. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आणि माल गेला कुठे, याचं उत्तरही आहे. सोपा दगड येतो त्या दिवशी रिकव्हरी आधीच वरच्या टोकाला असते, तिला आणखी चढायला जागा नसते. अवघड दगड येतो त्या दिवशी ती कितीही खाली घसरू शकते. म्हणून चांगला दिवस वाईट दिवसाची भरपाई करत नाही. फीडची सरासरी तीच राहूनही चढउतार वाढला की फॉस्फेट कमी निघतं. एवढी साधी गोष्ट तुझ्या पोटात मावत नाही.

बाहेर पडणाऱ्या मालाचंही तेच. कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे या साफ केलेल्या मालात, मॅग्नेशिया 1 टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी असावा, अशी आम्लवाल्यांची मागणी असते. ती उगाच नसते. गंधकाम्लात रॉक फॉस्फेट मुरवला की जिप्सम खाली बसतं आणि गाळून काढतात, पण मॅग्नेशियम फॉस्फोरिक आम्लातच राहतं. आम्ल घट्ट होतं, गाळण मंदावते, जिप्समबरोबर फॉस्फरस अडकून जातो आणि शेवटी डीएपीचा दर्जा बिघडतो. दगडात चुना जास्त असला की गंधकाम्ल जास्त लागतं, आणि भारत गंधकही मोठ्या प्रमाणावर आयात करतो. म्हणजे फ्लोटेशनच्या टाकीत ज्याकडे दुर्लक्ष झालं त्याचं बिल पुढच्या कारखान्यात फुटतं आणि खरिपाच्या तोंडावर खताच्या दुकानासमोर रांगेत उभा असलेला शेतकरी ते भरतो.

तू म्हणशील, हा फक्त भारतातल्या गरीब दगडाचा प्रश्न आहे. तसं नाही. अमेरिकेत फ्लोरिडाच्या बोन व्हॅलीत, जिथल्या फॉस्फेटमध्ये शार्कचे दात आणि जुन्या जनावरांची हाडं सापडतात, दशकानुदशकं वाळूतून फॉस्फेट फ्लोटेशनने वेगळं केलं गेलं आणि ते उत्तम चाललं. खाणी दक्षिणेकडे सरकल्या तसा डोलोमाइट वाढला आणि जुनी पद्धत अपुरी पडू लागली. जगातले मोठे तज्ज्ञ त्यावर अनेक वर्षं संशोधन करत राहिले. उलट टोकाला फिनलंडमधलं सिलिन्यार्वी पाहा. तिथल्या दगडात फॉस्फरस पेंटॉक्साइड जेमतेम 4 टक्के. तुझा चौथा हिस्सा. तरी तिथून 35 च्या वरचं कॉन्सन्ट्रेट निघतं, कारण ते अग्निजन्य खडकातलं अ‍ॅपेटाइट आहे. त्याचे कण मोठे, स्वच्छ आणि आजूबाजूच्या खनिजांपासून नीट सुटणारे. फ्लोटेशनमध्ये तुझ्यापेक्षा चारपट गरीब दगड तुझ्यावर मात करतो, मग तुझा टक्का नेमकं काय मोजतो?

उपाय नाहीत असं नाही, आणि म्हणूनच तुझ्यावरचा राग वाढतो. दगड खाणीत असतानाच त्याला ओळखायचं. प्रत्येक बेंचच्या नमुन्यात फॉस्फरसबरोबर मॅग्नेशिया, सिलिका, लोह आणि अ‍ॅल्युमिनियम मोजायचं. तो किती कडक आहे ते पाहायचं. आणि छोट्या सेलमध्ये त्याचं फ्लोटेशन करून बघायचं. मग खाणीच्या नकाशावर रंगवायचं: हा भाग सोपा, हा डोलोमाइटचा, हा गारगोटीचा. नमुना कसा घ्यावा, दगडाच्या आकाराच्या मानाने तो किती वजनाचा हवा, याचं सबंध शास्त्र पियेर गी या फ्रेंच अभियंत्याने विसाव्या शतकात लिहून ठेवलं. दगड वेगवेगळ्या ढिगांत ठेवून ठरलेल्या प्रमाणात मिसळता येतो: लांब ढीग आडव्या थरांनी रचायचा आणि उभा कापून उचलायचा, म्हणजे प्रत्येक उचलीत सगळे थर येतात. फार वेगळ्या जातीचे दगड मिसळू नयेत, ते वेगळ्या मोहिमेत, वेगळ्या डोसने चालवावेत. हलक्या दगडातला काही भाग फ्लोटेशनला न पाठवता आम्लधर्मी जमिनीसाठी पीठ करून विकता येतो, आणि राजस्थानची कंपनी तसं विकतेही.

हे ज्ञान परदेशातच आहे असंही नाही. इंडियन ब्यूरो ऑफ माइन्सचं मुख्यालय नागपूरला आहे, त्याची खनिजप्रक्रियेची प्रयोगशाळा आणि पायलट प्लांट हिंगण्याला. देशाच्या साठ्याची नोंद करताना ब्यूरो फॉस्फेटमध्ये 'बेनिफिशिएबल' (प्रक्रियेने सुधारता येणारा) आणि 'ब्लेंडेबल' (मिसळून वापरता येणारा) असे वेगळे गट करतो, म्हणजे दगडाला टक्क्यापलीकडे स्वभाव असतो हे सरकारच्या दफ्तरातही मान्य आहे. मराठी माणसाच्या हाताशी असलेलं हे ज्ञान कागदावरच्या तुझ्या एका आकड्यापुढे हरावं, याचा मला खेद आहे.

फॉस्फरसला पर्याय नाही, ही गोष्ट विसरू नकोस. नायट्रोजन हवेतून घेता येतो. फॉस्फरस दगडातूनच यावा लागतो, आणि टेलिंगच्या तळ्यात गेलेलं बारीक फॉस्फेट परत काढणं महाग आणि कठीण असतं. भारत आपल्या गरजेचा बहुतांश फॉस्फरस दगड, आम्ल किंवा तयार डीएपीच्या रूपाने बाहेरून आणतो. अशा देशात जमिनीखाली जे आहे त्यातला एक टक्काही एका आळशी भागाकारापायी दवडणं हा गुन्हा आहे, आणि त्या गुन्ह्यात मी तुला मुख्य आरोपी ठरवतो. तुला सही करून पुढे पाठवणारे सहआरोपी.

इथून चालत जाण्याच्या अंतरावर मंत्रालय आहे आणि व्यापाराच्या कार्यालयांनी भरलेल्या उंच इमारती आहेत. खाणींचे अहवाल, खतांचे करार, कर्जांचे प्रस्ताव अशाच टेबलांवर वाचले जातात. ते वाचणाऱ्यांना माझी विनंती आहे. फॉस्फेटच्या खाणीचा अहवाल समोर आला की सरासरी टक्क्याच्या शेजारी चार गोष्टी मागा: सगळ्यात कमी आणि सगळ्यात जास्त टक्का, मॅग्नेशियाचा चढउतार, दगडाचा कडकपणा, आणि बेंचवार फ्लोटेशन चाचणीचे निकाल. या चार गोष्टी नसतील, तर त्या अहवालावर सही करू नका.

मच्छीमार नगरचा एक रहिवासी